शब्दचौकशी : कापसाचा जिन, बाटलीतली जिन आणि एक हरवलेले अक्षर

कापसाची वेचणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही कापूस शिरतो. या वेळी बहुतेक पत्रे एकाच छोट्या इंग्रजी शब्दावर आली आहेत : जिन. खानदेशात हा शब्द इतका मुरला आहे की तो परका आहे हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या शब्दाच्या पत्रांना एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : शब्दकोशात ‘जिन’चे तीन अर्थ सापडले : एक दारू, एक सापळा आणि सरकी काढायचे यंत्र. मुलांनी यातले नाते विचारले, मला सांगता आले नाही. — एक शिक्षिका, धरणगाव

सापळा आणि यंत्र हे सख्खे भाऊ आहेत. दारूचा त्यांच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत दोन वेगवेगळे शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन पोचले, म्हणून कोशात ते शेजारी बसलेले दिसतात.

आधी यंत्र घेऊ. लॅटिनमध्ये ‘इंगेनियुम’ म्हणजे उपजत बुद्धी, अंगचे कसब. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘आंजँ’ झाले आणि अर्थ सरकला : आधी हुशारी, मग युक्ती, मग युक्तीने बनवलेली वस्तू. मराठीला ही वाट नवी नाही. ‘कला’ या शब्दापासूनच आपली ‘कळ’ आली. कुलपाची कळ, यंत्राची कळ, कळ फिरवणे या सगळ्यांत कसबाचेच अवजार झाले आहे.

फ्रेंचमधला तो शब्द इंग्रजीत दोन रूपांनी शिरला. एक पूर्ण रूप, ‘इंजिन’. दुसरे, पहिले अक्षर गळालेले, ‘जिन’. देवनागरीत लिहिले की हे नाते डोळ्यांना दिसते : इंजिनमधला ‘इं’ पुसा, जिन उरतो. जोर शेवटच्या अक्षरावर असला की सुरुवातीचा स्वर दुबळा होऊन गळतो. आपल्याकडे ‘अरण्य’चे ‘रान’ आणि ‘अरघट्ट’चे ‘रहाट’ झाले ते असेच. मुलांना ही दोन उदाहरणे फळ्यावर शेजारी मांडून दाखवा, इंग्रजी उदाहरणांपेक्षा ती लवकर पटतील.

जिन शब्दाला मध्ययुगीन इंग्रजीत ‘कावा’ असाही अर्थ होता. त्यातूनच सापळा आला. १६११च्या इंग्रजी बायबलात आमोसाच्या पुस्तकात पाखरासाठी मांडलेल्या फासाला हाच शब्द वापरला आहे. पुढे दातेरी जबड्याच्या लोखंडी सापळ्याला ‘जिन-ट्रॅप’ म्हणू लागले. त्यात जनावराचा पाय अडकून मोडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५८पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. खाणीतला माल घोड्याच्या बळावर वर ओढणाऱ्या चाकालाही जिनच म्हणत. विहिरीतला मुरूम काढायला आपण यारी लावतो, त्या जातीचेच ते साधन.

आता दारू. जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास तिला देतात. आयुर्वेदात याला हपुषा म्हणतात. लॅटिन ‘युनिपेरुस’, त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘जनेव्र’, डचांकडे ‘येनेव्हर’, आणि इंग्रजांनी केले ‘जिनिव्हा’. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराशी याचा संबंध नाही, फक्त उच्चार जुळल्याने तो गोंधळ झाला. १८व्या शतकाच्या सुरुवातीला जिनिव्हाचे शेपूट तुटले आणि ‘जिन’ उरली. यंत्राच्या शब्दाचे डोके गळाले, दारूच्या शब्दाचे शेपूट. त्यातून एकच रूप तयार झाले.

प्रश्न : आमच्याकडे अहिराणीत ‘कापूस जिनमा दिधा’ असे सर्रास म्हणतात. पाठ्यपुस्तकात मात्र जिनचा शोध अमेरिकेच्या व्हिटनीने लावल्याचे आहे. मग आपल्याकडे आधी सरकी कशी काढत? — एक शेतकरी, अमळनेर तालुका

‘व्हिटनीने जिन शोधला’ हे वाक्य अर्धे खरे आहे आणि ते अर्धे असल्याचे मुलांना सांगायलाच हवे. सरकी काढायचे यंत्र त्याच्या शेकडो वर्षे आधी होते आणि त्याचा जुना पुरावा तुमच्यापासून फार लांब नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रांत एका रुळाने सरकी काढण्याचे दृश्य अभ्यासकांनी ओळखले आहे : सपाट पाटावर कापूस ठेवायचा आणि वरून रूळ फिरवायचा, म्हणजे तंतू पुढे जातो आणि सरकी मागे उरते. त्यानंतर आपल्याकडे दोन रुळांचा हातचरखा आला. एकमेकांना टेकलेले दोन रूळ, ते उलट दिशांनी फिरावेत म्हणून टोकाला मळसूत्री दाते. एका बाजूने कापूस दिला की दुसऱ्या बाजूने रुई निघते आणि सरकी अलीकडे पडते. मराठीत या कामाला ‘रेचाई’ असा चांगला शब्द आहे.

व्हिटनीची अडचण वेगळी होती. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या कापसाच्या सरकीवर बारीक लव असते आणि तंतू तिला घट्ट धरून बसतो. तो रुळांच्या चरख्याला नीट सुटत नव्हता. १७९३मध्ये त्याने लाकडी नळकांड्यावर तारेचे आकडे बसवले. ते अरुंद फटींतून जात, तंतू ओढून नेत, सरकी फटीत अडे आणि मागचा ब्रश आकड्यांवरची रुई झाडून काढी. १७९४मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे आकड्यांच्या जागी गोल करवती आल्या, म्हणून त्याला करवती जिन म्हणतात. या यंत्राने कापूस स्वस्त झाला, लागवड पसरली आणि त्या मळ्यांवर राबायला आणखी लाखो माणसे गुलामीत ढकलली गेली. यंत्राची गोष्ट सांगताना हे गाळू नये.

पण तुमचा कापूस ज्या यंत्रातून जातो ते व्हिटनीचे नाही. ते फोन्स मॅकार्थी याने १८४०मध्ये पेटंट घेतलेल्या चामडी रुळाच्या जिनाचे वंशज आहे. धारवाडकडे १९व्या शतकात करवती जिन चालवले गेले, ‘सॉ-जिन्ड धारवाड’ अशी कापसाची प्रतच बाजारात होती. भारतात एकूण मात्र रूळच टिकला, कारण तो तंतू कमी तोडतो.

शब्द गावोगाव पोचला तो कारखान्यांमुळे. १८६०च्या दशकात रेल्वे भुसावळ-जळगावला आली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस बंद होऊन इथल्या कापसाला अचानक मागणी आली. त्यानंतर रेल्वेच्या गावी जिन-प्रेस, म्हणजे सरकी काढून रुई दाबून तिच्या गाठी बांधणारे कारखाने, उभे राहत गेले. १९७२मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यावर तर गाडी जिनात लावून काट्यावर पाळी येण्याची वाट बघणे हे कापूसवाल्या प्रत्येक घराच्या ओळखीचे झाले.

प्रश्न : जिनवाले ‘माल ओला आहे’ म्हणून भाव पाडतात. ही निव्वळ सबब असते की यंत्राला खरेच फरक पडतो? — एक वाचक, पारोळा

फरक पडतो, आणि बराच पडतो. त्यासाठी यंत्राचे पोट उघडून बघायला हवे.

आज बहुतेक जिनिंगमध्ये दुहेरी रुळाचे यंत्र असते, बोलताना त्याला ‘डीआर’ म्हणतात. लोखंडी दांड्यावर चामड्याच्या गोल चकत्या ओवून, दाबून घट्ट केलेले असे दोन रूळ असतात. प्रत्येक रुळाला एक स्थिर सुरी टेकलेली असते. दोन रुळांच्या मध्ये हलती सुरी असते, तिला कामगार बीटर म्हणतात. रूळ मिनिटाला साधारण १०० फेरे घेतो, तर हलती सुरी तेवढ्याच वेळात हजाराच्या आसपास झोके खाते. वरून कापूस पडला की रुळाच्या खरबरीत चामड्याला तंतू चिकटतो आणि स्थिर सुरीखालून ओढला जातो. सरकी जाड असल्याने सुरीच्या धारेशी अडते. तेवढ्यात हलती सुरी तिला टोला देऊन तंतूपासून तोडते आणि सरकी खालच्या जाळीतून पडते. रुळावर तिरके चर कोरलेले असतात, ते तंतू पकडायला मदत करतात. चर बुजले की तेच यंत्र तासाला कमी रुई देते, म्हणून ते वरचेवर पुन्हा कोरावे लागतात.

कापूस ओला असला की तंतू सरकीला सोडत नाही. तो रुळाभोवती गुंडाळला जातो, यंत्र थांबवून कापून काढावा लागतो. ओली सरकी मऊ असते, ती टोल्याने फुटते, तिची टरफले आणि तेलकट कण रुईत जातात. ढिगात पडून राहिलेला ओला माल आतून तापतो, रुई पिवळी पडते आणि सरकीला बुरशी लागल्याने तेल व ढेप दोन्हींची प्रत घसरते. उलट फार कोरडा कापूसही वाईट : तंतू तुटतो, स्थिर वीज तयार होऊन रुई यंत्राला चिकटते. यंत्रात जाताना ओलावा ६ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असला तर काम सगळ्यात चांगले होते. गाठ बांधताना रुईत सुमारे ८ टक्के ओलावा लागतो, नाहीतर ती दबत नाही.

स्थिर सुरी फार दाबून बसवली तर घर्षणाने चामडे जळते, ढिली ठेवली तर सरकी तंतूसकट पुढे सरकते. आणि कापसात खडा किंवा खिळा असला तर सुरीवर ठिणगी पडते. जिनिंगमधल्या आगीचे हे एक ठरलेले कारण आहे.

सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने घेताना ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात कपात करते आणि त्याहून ओला माल घेत नाही. ओलावा मोजायचे यंत्र जवळ नसेल तर सरकी दाताखाली धरा : कट्ट आवाज होऊन फुटली तर माल कोरडा, दबून चेपली तर अजून वाळवायचा. वेचणी दव उडाल्यावर करा. वेचताना डोक्याला सुती कपडा बांधा, केस रुईत गेला की गिरणीपर्यंत जातो. माल सुती चादरीवर वाळवा. खताच्या प्लॅस्टिक गोणीचे धागे आणि तागाच्या गोणीचे तंतू यंत्राने वेगळे होत नाहीत, रंगवल्यावर कापडावर डाग म्हणून दिसतात. पहिली वेचणी, दुसरी वेचणी आणि शेवटची कवडी, म्हणजे किडका, डागी, नीट न उमललेला कापूस, वेगळी ठेवा. कवडी चांगल्या मालात मिसळली तर सगळ्या ढिगाला कवडीचाच भाव येतो. आणि वजनासाठी पाणी मारू नका, वर सांगितलेले सगळे नुकसान त्यातूनच सुरू होते.

म्हणजे ‘ओला आहे’ ही सबब नाही. पण किती ओला, हे हाताने चाचपून नव्हे तर मापकाने, तुमच्यासमोर मोजून सांगायला हवे. तेवढे मागण्याचा हक्क तुमचा आहे.

प्रश्न : जीनगर, घोड्याचे जीन, जीन्स, जिन्न, आणि बीटी कापसातला जीन, यातला कोणता शब्द कापसाच्या जिनाशी जोडलेला आहे? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शहादा

घोड्याचे जीन म्हणजे खोगीर, फारसी ‘झीन’वरून. ते बनवणारा तो जीनगर. कापसाशी नाते नाही. जीन्सचे नाव इटलीतल्या जिनोआ बंदराच्या फ्रेंच नावावरून आले. तिथून जाड सुती कापड येई. जिन्न अरबी आहे, ‘लपलेला’ या अर्थाच्या धातूपासून.

बीटीतला जीन, म्हणजे जनुक, मात्र खरोखर नातेवाईक निघतो. १९०९मध्ये योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने तो शब्द घडवला. त्याच्या मुळाशी ‘जन्म, कुळ’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे. लॅटिन ‘इंगेनियुम’मध्ये, म्हणजे जिनाच्या मुळात, तोच धातू आहे : जन्मतः आत असलेले ते इंगेनियुम. संस्कृतातला ‘जन्’ हाही त्याच मुळाचा. आपण ‘जिन्नस’ म्हणतो तो अरबीतून आला, पण अरबीने तो ग्रीक ‘गेनोस’वरूनच घेतला होता. २००२मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली, तेव्हापासून एकाच पिकाच्या बियाण्यात जीन आणि बाजाराच्या टोकाला जिन, असे दोन चुलत भाऊ आपल्याकडे नांदत आहेत. लिहिताना गोंधळ टाळायचा असेल तर पेशीतला दीर्घ लिहा आणि कापसाचा ऱ्हस्व. आम्ही तसेच करतो.

प्रश्न : रुईला इंग्रजीत ‘लिंट’ का म्हणतात? — एक वाचक, बोदवड

जवसामुळे. जवसाचे लॅटिन नाव ‘लीनुम’. त्याच्या तंतूचे कापड ते लिनन, त्याचे बी ते लिनसीड, आणि त्याच्या तंतूची लव ते लिंट. युरोपात कापूस नंतर आला, म्हणून जवसाचे नाव कापसाला चिकटले. सरकीवर उरणाऱ्या आखूड लवेला ‘लिंटर’ म्हणतात.

प्रश्न : रुईचे भाव ‘कँडी’त देतात. हा गोळ्या-चॉकलेटवाला शब्द इथे कसा? आणि खंडीच्या भावावरून आपल्या क्विंटलचा भाव कसा काढायचा? — एक कापूस उत्पादक, चोपडा

हा तुमचाच शब्द आहे. मराठी-तेलुगूतल्या ‘खंडी’चे इंग्रजांनी ‘कँडी’ केले. गोळीचा कँडी वेगळा. तो संस्कृत ‘खण्ड’, फारसी ‘कंद’, अरबी, फ्रेंच अशा वाटेने साखरेबरोबर गेला. धान्याची खंडी २० मणांची. मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, म्हणून तिथली साधी खंडी ५६० पौंडांची. कापसाची खंडी मात्र ७८४ पौंडांची ठरली. किलोत बदलली की ३५५.६ येतात, व्यवहारात ३५६ धरतात. पौंड जाऊन कित्येक वर्षे झाली, पण रुईचा सौदा आजही याच आकड्यावर होतो.

आता हिशेब. आधी उतारा माहीत हवा, म्हणजे १०० किलो कापसातून किती किलो रुई निघते ते. साधारण ३३ ते ३६ किलो निघते, ६२ ते ६४ किलो सरकी आणि बाकीची घट. ३४ टक्के उताऱ्याने १७० किलोच्या एका गाठीला बरोबर ५ क्विंटल कापूस लागतो, एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास.

समजा, रुई ५४,००० रुपये खंडी आहे आणि सरकी ३,५०० रुपये क्विंटल. ५४,००० भागिले ३५६ म्हणजे रुई किलोला १५१ रुपये ६९ पैसे. ३४ किलो रुईचे ५,१५७ रुपये, ६४ किलो सरकीचे २,२४०. एकूण ७,३९७. उतारा ३६ असेल आणि सरकी ६२ किलो निघाली, तर रुईचे ५,४६१ आणि सरकीचे २,१७०, एकूण ७,६३१. दोन टक्के उताऱ्याने क्विंटलमागे २३४ रुपयांचा फरक पडतो. या रकमेतून रेचाई, गाठ बांधणी, वाहतूक आणि जिनवाल्याचा नफा वजा होऊन तुमचा भाव ठरतो. आकडे त्या दिवसाच्या बाजाराचे घाला, रीत हीच राहते.

उतारा घरी काढता येतो. वाळलेल्या ढिगाच्या वरून, मधून, खालून मूठमूठ घेऊन मिसळा आणि त्यातला नेमका १०० ग्रॅम कापूस ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. बोटांनी सरकी वेगळी करा. रुई ३४ ग्रॅम भरली तर उतारा ३४. हाताने यंत्रापेक्षा थोडी कमीजास्त लव सरकीवर राहते, म्हणून तीन नमुने काढून सरासरी धरा. नमुना ओला असेल तर हा आकडा फसवा निघतो, तेव्हा आधी सरकी दाताखाली धरून बघा.